सरकारी खिडकीवर ही सुई कधी मिळणार?

जयपूरच्या गोपालपुरा बायपासवर मी दीड वर्षापासून राहतेय. पुण्यातल्या एमपीएससीवाल्यांसाठी जसं सदाशिव पेठ आणि शास्त्री रोड, तसा राजस्थानातल्या पोरापोरींसाठी हा रस्ता. आरएएस, एसआय, पटवारी, रीट, ज्या परीक्षेचं नाव घ्याल तिचा क्लास इथे आहे. इमारतींवर टॉपरांचे चेहरे, खाली कचोरी-समोशाच्या गाड्या, मागच्या गल्ल्यांत पीजी, आणि तळघरांत महिन्याच्या भाड्याने एक खुर्ची मिळते त्या ‘लायब्ऱ्या’. इथे शिकायला आलेल्या पहिल्या पिढीतल्या विद्यार्थ्यांवर माझं पीएच.डी.चं काम चालू आहे.

माझ्या शेजारच्या खोलीत एक मुलगी राहते. मेघवाल समाजातली, वाळवंटाकडच्या एका गावातली, घरातली पहिली बी.ए. चार वर्षांपासून आरएएसची तयारी करतेय. दिवसाचे बारा-तेरा तास खुर्चीत. आली तेव्हा 64 किलो होती, आता 91 आहे. पाळी अनियमित झाली म्हणून एका सरकारी दवाखान्यात गेली, तर साखर वाढलेली निघाली. मेटफॉर्मिनच्या गोळ्या खिडकीवर फुकट मिळाल्या, त्याबद्दल तिची काही तक्रार नाही. डॉक्टर मात्र एवढंच म्हणाले, “कम खाओ, थोड़ा चला करो.” ही मुलगी दोन वेळचा डबा खाते. त्यात चार पोळ्या, बटाट्याची भाजी आणि पातळ डाळ असते. त्यातून कमी काय करायचं, हे तिला कोणी सांगितलं नाही.

एका संध्याकाळी आम्ही चहाला निघालो होतो. कोपऱ्यावरच्या एका क्लिनिकच्या काचेवर नवा कागद लागला होता. ‘हफ्ते में एक इंजेक्शन, वज़न कम.’ ती थांबली, सगळं वाचलं आणि मला म्हणाली, “दीदी, ये सुई सरकारी में मिलती है क्या?”

मी नाही म्हणाले. का नाही, हे मात्र मला नीट सांगता आलं नाही. तेव्हापासून मी ते शोधतेय.

आधी औषधाबद्दल. जेवल्यावर आपल्या आतड्यांतून जीएलपी-1 नावाचं संप्रेरक स्रवतं. ते इन्सुलिन वाढवतं, जठर रिकामं व्हायचा वेग कमी करतं आणि पोट भरल्याचा निरोप मेंदूला देतं. सेमाग्लूटाइड हे औषध त्याच संप्रेरकासारखं काम करतं, पण आठवडाभर टिकतं. ते मुळात मधुमेहासाठी आलं. नंतर वजनावरच्या मोठ्या चाचणीत 68 आठवड्यांत सरासरी 15 टक्क्यांच्या आसपास वजन कमी झालेलं दिसलं. पुढे 2023 साली आलेल्या दुसऱ्या चाचणीत, वजन जास्त असलेल्या हृदयरोग्यांमध्ये हार्ट अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू मिळून 20 टक्क्यांनी घटले. मूत्रपिंडाचा आजार जडलेल्या मधुमेहींमध्येही फायदा दिसला. म्हणजे हे लग्नाच्या आधी बारीक व्हायचं औषध एवढंच नाही. हृदय आणि किडनी वाचवणारं औषध म्हणूनही त्याच्याकडे बघावं लागतं.

सप्टेंबर 2025 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या गटातली औषधं आवश्यक औषधांच्या यादीत घेतली. ती सरसकट वजनासाठी घेतलेली नाहीत. मधुमेह आहे, सोबत हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार आहे आणि वजनही जास्त आहे, अशा प्रौढांसाठी घेतली. आवश्यक यादीत असणं याचा अर्थ असा की, सरकारांनी हे औषध लोकांना परवडेल अशा रीतीने मिळवून द्यावं अशी अपेक्षा आहे.

आता किंमत. मार्च 2025 मध्ये टिर्झेपटाइड हे याच जातकुळीतलं औषध माउंजारो नावाने भारतात आलं. 5 मिलिग्रॅमच्या एका कुपीची किंमत 4,375 रुपये, म्हणजे महिन्याला साडेसतरा हजार. जूनमध्ये सेमाग्लूटाइड वेगोवी नावाने आलं, महिन्याला 17,345 रुपयांपासून पुढे. नोव्हेंबरमध्ये कंपनीने भाव उतरवला, तरी सर्वांत कमी डोसचे महिन्याला 10,850 रुपये होतेच. माझी आई मराठवाड्यातल्या एका अंगणवाडीत मदतनीस आहे. तिचं महिन्याचं मानधन या भावात बसत नाही. आणि हे औषध एक महिना घेऊन भागत नाही. थांबवलं की वजन परत येतं. एका अभ्यासात वर्षभरात दोन तृतीयांश वजन परत आलं होतं.

इथे एक तारीख आपल्या ओळखीची आहे. सेमाग्लूटाइडचं भारतातलं पेटंट 20 मार्च 2026 ला संपलं. 20 मार्च म्हटलं की आपल्या घरात दुसरं काही आठवत नाही. 1927 साली याच दिवशी बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यावर गेले. आपण ती गोष्ट लहानपणापासून ऐकतो, पण तिच्यातला एक भाग सांगताना बऱ्याचदा सुटतो. तळं कागदावर त्याआधीच खुलं झालेलं होतं. 1923 साली सी. के. बोले यांनी मुंबई कायदे मंडळात सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मंजूर करून घेतला. 1924 साली महाड नगरपालिकेनेही आपलं तळं खुलं असल्याचा ठराव केला. तरी आपल्या माणसांना तीन वर्षं पाणी मिळालं नाही. ठराव आणि ओंजळ यांच्यातलं अंतर चालून जावं लागलं.

पेटंट संपणं हा तसाच एक ठराव आहे. आता कोणतीही भारतीय कंपनी परवाना घेऊन हे औषध बनवू शकते. डॉ. रेड्डीज, सन, झायडस अशा कंपन्यांनी त्याची तयारी आधीपासून केली होती. स्पर्धा वाढली की भाव खाली येतील. पण तो खाली आलेला भाव कोणासाठी, हे बाजार ठरवेल की सरकारी खिडकी, हे अजून ठरायचं आहे. आपण गप्प बसलो तर हे औषध मेडिकलच्या फ्रिजमध्ये स्वस्त होईल आणि सरकारी खिडकीवर येणारच नाही.

आपल्यातलेच काही जण म्हणतील, वजन हा श्रीमंतांचा आजार, आपल्याला काय त्याचं? आकडे पूर्ण खोटं सांगत नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी-5 प्रमाणे (2019-21) देशातल्या 24 टक्के बायकांचं वजन जास्त आहे आणि 18.7 टक्के बायका अजूनही कमी वजनाच्या आहेत. पैसा वाढतो तसं जास्त वजनाचं प्रमाणही वाढतं, हे खरं. पण शरीराचा इतिहास एका पिढीत पुसला जात नाही.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायकांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तिथे जन्मणाऱ्या बाळांचं सरासरी वजन 2.7 किलो होतं, इंग्लंडमधल्या बाळांचं 3.5 किलो. आपली बाळं लहान, स्नायूंनी कमी, पण चरबी मात्र त्या मानाने टिकून राहिलेली. गर्भातच उपाशी राहिलेलं शरीर चरबी जपून ठेवतं. मग तेच शरीर पुढे खुर्ची, तेल आणि साखरेच्या जगात आलं की त्याला मधुमेह लवकर गाठतो. 2004 साली याज्ञिकांनी स्वतःचा आणि जॉन युडकिन या ब्रिटिश सहकाऱ्याचा फोटो ‘लॅन्सेट’मध्ये छापला. दोघांचा बीएमआय सारखाच, 22.3. याज्ञिकांच्या शरीरात चरबी 21.2 टक्के, युडकिनच्या 9.1.

हे वाचताना मला आजी आठवली. 1972 च्या दुष्काळात ती रोजगाराच्या कामावर खडी फोडत होती. सुकडी आणि मिलो खाऊन दिवस काढले, असं ती सांगायची. त्या वेळी तिच्या पोटात माझी आई होती. आई 1973 साली जन्मली, चाळिशीत तिला साखर निघाली. आईच्या बाबतीत याज्ञिकांचं म्हणणं तंतोतंत लागू पडतं असं मी सिद्ध करू शकत नाही. पण ज्या समाजाच्या कित्येक पिढ्यांना पोटभर अन्न आणि स्वतःची जमीन नव्हती, त्या समाजाला या आजारात स्वतःच्या हावरेपणामुळे गेलेले लोक म्हणणं हे खोटं आहे, एवढं नक्की म्हणू शकते. आणि माझी शेजारीण? तिच्या घरातली खुर्चीत बसून पोट भरायचं स्वप्न बघणारी ती पहिलीच.

म्हणून ‘कमी खा, चाल’ हा सल्ला मला ओळखीचा वाटतो. कॉलेजात आपल्याला ‘मेहनत घ्या, गुणवत्ता वाढवा’ असं सांगतात, तेव्हा आपण कुठून आलो हे बाजूला ठेवलेलं असतं. इथेही तेच होतं. फेब्रुवारी 2025 च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी लोकांना खाण्याचं तेल 10 टक्के कमी करायला सांगितलं. सल्ला चुकीचा नाही. पण मेसच्या डब्यात तेल किती हे पीजीतली मुलगी ठरवत नाही. बाबासाहेबांनाही मधुमेह होता. डॉ. शारदा कबीर, म्हणजे आपल्या माईसाहेब, 1948 पासून त्यांचं पथ्य आणि औषधपाणी सांभाळत होत्या. अठरा-अठरा तास वाचणाऱ्या त्या माणसाला कोणी संयम शिकवायला जाणार आहे का? आजार हा चारित्र्याचा दाखला नसतो.

आता मूळ प्रश्न, सरकारीत का नाही. उत्तर मला योजनांच्या कागदांत सापडलं. आयुष्मान भारत ही गरिबांची योजना. ती 5 लाखांचं संरक्षण देते, पण रुग्णालयात भरती झाल्यावर. भरतीच्या आधीचे 3 दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे 15 दिवस यांची औषधं तिच्यात येतात. आपल्याकडची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनाही ठरलेल्या उपचारांसाठी, मुख्यतः भरती होणाऱ्यांसाठीच आहे. मधुमेह, रक्तदाब, वजन हे आजार मात्र ओपीडीचे. त्यांत माणूस भरती होत नाही, महिन्याच्या महिन्याला गोळ्या नेतो. भरती होतो तो पाय काळा पडल्यावर किंवा किडनी गेल्यावर. मग सरकार डायलिसिस फुकट करतं. त्यासाठी 2016 पासून राष्ट्रीय कार्यक्रमच आहे. किडनी वाचवायच्या औषधाला मात्र त्या कार्डात जागा नाही.

दुसरीकडे, राजस्थान सरकारचे कर्मचारी, निवृत्तिवेतनधारक, आमदार, मंत्री यांच्यासाठी 2021 पासून आरजीएचएस ही योजना आहे. कर्मचाऱ्यांच्या पगारातून वर्गणी कापली जाते, हे मान्य. पण तिच्यात ओपीडीची औषधंही येतात. केंद्राच्या कर्मचाऱ्यांना सीजीएचएसमध्ये तेच मिळतं. म्हणजे पगारदाराचा आजार सुरुवातीपासून सरकारचा, आणि मजुराचा आजार खाटेवर पडल्यापासून. माझी शेजारीण ज्या नोकरीसाठी चार वर्षं बसून आजारी पडली, ती नोकरी मिळाली तर तिला ते कार्ड मिळेल. नाही मिळाली तर आजार घेऊन गावी जाईल.

याच राजस्थानने दुसरा रस्ता करून दाखवला आहे. 2 ऑक्टोबर 2011 ला इथे मुख्यमंत्री निःशुल्क दवा योजना सुरू झाली. राज्याचं महामंडळ जेनेरिक औषधं निविदा काढून एकत्र घेतं आणि सरकारी दवाखान्यांच्या खिडक्यांवर फुकट देतं. तामिळनाडूने हे त्याआधी नव्वदच्या दशकात केलं होतं. माझ्या शेजारणीची मेटफॉर्मिन याच व्यवस्थेतून आली. मार्च 2023 मध्ये राजस्थान विधानसभेने आरोग्याच्या हक्काचा कायदा केला. सरकारी संस्थांतली ओपीडी, तपासण्या आणि औषधं हा तिथे लोकांचा हक्क म्हणून लिहिला आहे. खिडकी आहे, कायदा आहे. औषध त्या यादीत घालायचं बाकी आहे. महाराष्ट्रातही 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत. पण उपचार मोफत असून औषध बाहेरून आणायला लावलं तर त्या मोफतचा अर्थ उरत नाही. आईला एका दवाखान्यातून इन्सुलिन संपलं म्हणून परत पाठवलं होतं. त्या दिवशी तिने गाडीभाड्याचे पैसे मेडिकलमध्ये दिले आणि चालत घरी आली.

म्हणून पहिला आक्षेप मी स्वतःच घेते. जिथे इन्सुलिन संपतं, 57 टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, क्षयरोग अजून वस्त्यांत आहे, तिथे हे महाग इंजेक्शन मागायचं का? माझं उत्तर असं की, इन्सुलिन, मेटफॉर्मिन आणि साखर तपासायच्या पट्ट्या कधीच संपणार नाहीत ही पहिली मागणी, आणि तिच्याशी तडजोड नाही. पण ‘आधी ते, मग हे’ ही भाषा नेहमी आपल्यालाच ऐकवतात. मधुमेह असलेल्या माणसाला क्षयरोगाचा धोका दुप्पट-तिप्पट असतो. हे आजार आपल्या वस्तीत वेगवेगळ्या रांगेत उभे नाहीत.

दुसरा आक्षेप पैशाचा. आयुष्यभराचं औषध सरकार फुकट कसं देणार? एड्सच्या औषधांबद्दल हेच म्हणत होते. 2001 साली सिप्लाने तीन औषधांचा वर्षभराचा खर्च 350 डॉलरवर आणला आणि 1 एप्रिल 2004 पासून भारत सरकारने ती औषधं मोफत द्यायला सुरुवात केली. आजही देतंय. 2012 साली नेक्सावार या कॅन्सरच्या औषधावर सक्तीचा परवाना दिला तेव्हा महिन्याचा भाव 2,80,000 वरून 8,800 रुपयांवर आला. सेमाग्लूटाइडसाठी तर परवान्याची लढाईही करायची नाही, पेटंटच संपलं आहे. लाखोंसाठी एकदम निविदा निघाली तर जो भाव मिळेल तो एकट्या गिऱ्हाइकाला कधीच मिळणार नाही.

तिसरा आक्षेप मला सगळ्यांत गंभीर वाटतो. या औषधाने चरबीसोबत स्नायूही जातात. मळमळ, उलट्या होतात, क्वचित पित्ताशयाचा किंवा स्वादुपिंडाचा त्रास होतो. ज्यांच्या ताटात आधीच प्रथिनं कमी, त्यांना नुसती सुई देऊन पाठवणं धोक्याचं आहे. म्हणून सुईसोबत डाळ आणि अंडं हा प्रश्न येतो. महाराष्ट्राने शाळेच्या पोषण आहारातल्या अंड्यांचा निधी जानेवारी 2025 मध्ये थांबवला. पोरांच्या ताटातलं अंडं काढायचं आणि त्यांना पुढे मधुमेह झाला की संयम शिकवायचा, हे एकाच व्यवस्थेचे दोन हात आहेत.

मग नेमकं काय मागायचं? सगळ्यांना बारीक करा, असं आपण म्हणत नाही. श्रीमंत इंग्लंडनेही तसं केलेलं नाही. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेने जून 2025 पासून टिर्झेपटाइड टप्प्याटप्प्याने द्यायला घेतलं, पहिल्या तीन वर्षांत सुमारे 2,20,000 लोकांना. आधी ज्यांचा बीएमआय 40 च्या वर आणि सोबत चार आजार, त्यांना. दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांसाठी ही मर्यादा 37.5 ठेवली, कारण आपल्या शरीरांना कमी वजनात जास्त धोका असतो. रांग लावली, पण गरजेप्रमाणे लावली. आपल्याकडे सध्या रांग पाकिटाप्रमाणे लागते.

आपल्या राज्यांनी सेमाग्लूटाइड आवश्यक औषधांच्या यादीत घ्यावं. ते आधी मधुमेहासोबत हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना मिळावं. निकष युरोपातल्या शरीरांवरून न घेता कंबरेचा घेर आणि आपल्याकडचे अभ्यास बघून ठरवावेत. गरिबांच्या कार्डात ओपीडीची औषधं यावीत. आणि हे औषध कोणत्या जिल्ह्यात, कोणत्या समाजातल्या किती लोकांपर्यंत पोचलं, याची नोंद उघड असावी. आकडा नसेल तर आपण वगळलो गेलो हे सिद्धही करता येत नाही.

आपण पहिल्या पिढीतले पदवीधर. घरातले रिपोर्ट आपणच वाचतो, पर्चीवरची इंग्रजी नावं आपणच समजावून सांगतो. तेच काम थोडं पुढे न्यायचं आहे. आपल्या राज्याची आवश्यक औषधांची यादी शोधा, त्यात काय आहे आणि काय नाही ते बघा. माहितीच्या अधिकारात विचारा की सेमाग्लूटाइडचा प्रस्ताव कोणत्या समितीपुढे आहे. गावच्या दवाखान्यात इन्सुलिन किती दिवस नव्हतं, तेही त्याच अर्जात विचारा.

माझ्या शेजारणीला मी हे सगळं सांगितलं. ही सुई तिलाच लागेल असं नाही, ते तपासून डॉक्टर ठरवतील, हेही सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, “दीदी, आरटीआई का फ़ॉर्मेट तो मुझे आता है, सिलेबस में है.” अर्ज तिनेच लिहिला. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर मी आणली.